गंगेतल्या डॉल्फिनचे गणगोत: जनुकीय वंशवृक्ष उभारण्याच्या कामाच्या नोंदी

९ जून

कामाची हद्द आज ठरवली. प्रश्न एकच आहे: गंगा आणि ब्रह्मपुत्रेत राहणारा डॉल्फिन, म्हणजे प्लॅटॅनिस्टा, याचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोण? अॅमेझॉनच्या खोऱ्यातला इनिया, दक्षिण अमेरिकेत ला प्लाटा नदीच्या मुखाशी आणि लगतच्या किनाऱ्यावर आढळणारा पाँटोपोरिया, चीनमधल्या यांगत्सेतला लिपोटीस आणि आपला प्लॅटॅनिस्टा या चौघांना लांब निमुळती चोच, बारीक डोळे आणि वळणारी मान यांमुळे फार काळ ‘नदीतले डॉल्फिन’ अशा एका गटात बसवले जात होते. २००० आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएवरच्या अभ्यासांनी तो गट मोडीत काढला. त्याच निष्कर्षापर्यंत खुल्या माहितीसाठ्यातले अनुक्रम, म्हणजे वाचून ठेवलेल्या डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी, वापरून, महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर, पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने पोहोचता येते का, आणि वाटेत कुठे अडायला होते, हे नोंदवून ठेवायचे आहे.

प्रत्यक्ष नमुना घेण्याचा विचार पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. गंगेतला डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि वर्गातल्या सरावासाठी त्याच्या ऊतीला हात लावण्याचे काही कारणही नाही. लिपोटीसच्या बाबतीत तर २००६ च्या सर्वेक्षणात यांगत्से नदीत एकही प्राणी दिसला नाही, त्यामुळे पूर्वीच्या नमुन्यांतून वाचून ठेवलेला डीएनए हाच आता आधार आहे. सर्व अनुक्रम जेनबँक या खुल्या माहितीसाठ्यातून घ्यायचे ठरले. ते विनामूल्य मिळतात आणि लागणारे सगळे प्रोग्रॅमही विनामूल्य आहेत.

१० जून

सुरुवात सायटोक्रोम-बी या जनुकापासून केली. हे मायटोकॉन्ड्रियातले जनुक सस्तन प्राण्यांत साधारण ११४० अक्षरांचे (म्हणजे डीएनएतल्या ए, सी, जी, टी या चार एककांचे) असते आणि जवळजवळ प्रत्येक देवमाशाचे व डॉल्फिनचे ते कुणी ना कुणी वाचलेले आहे. यादीत चारही नदीवासी, स्पर्म व्हेल आणि त्याचा छोटा भाऊबंद कोगिया, चोचवाले देवमासे, पॉरपॉइज, बेलुगा, नारव्हाल, समुद्री डॉल्फिन आणि दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेले बलीन देवमासे घेतले. समुद्री डॉल्फिनमध्ये सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ दिसणारा हंपबॅक डॉल्फिन मुद्दाम घेतला, कारण मुलांपैकी दोघांनी तो स्वतः पाहिला आहे आणि ओळखीचा प्राणी झाडावर कुठे बसतो याची त्यांना उत्सुकता आहे.

शोधपट्टीत प्रजातीचे नाव टाकून आलेले सगळे अनुक्रम जसेच्या तसे उतरवून घेणे उपयोगाचे नाही. काही नोंदी जनुकाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या आहेत. काहींत जनुकाच्या दोन्ही बाजूंचे शेजारचे तुकडे चिकटलेले आहेत. काही नोंदींवर जुनी शास्त्रीय नावे आहेत. सिंधू नदीतल्या डॉल्फिनला कुठे स्वतंत्र प्रजाती, कुठे उपप्रजाती म्हटलेले आहे. प्रत्येक प्रजातीसाठी पूर्ण लांबीचा अनुक्रम, शक्य तिथे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून आलेले दोन, आणि प्रत्येकाचा नोंदक्रमांक वेगळ्या तक्त्यात, असा नियम केला. हा तक्ता कंटाळवाणा असला तरी पुढच्या प्रत्येक अडचणीत आम्ही त्याच्याकडेच परत आलो.

१२ जून

नावांनी दिवस खाल्ला. फिलिप या जुन्या प्रोग्रॅमसंचाच्या मूळ फाइल-रचनेत प्राण्याच्या नावाला फक्त दहा अक्षरांची जागा असते. रोमन लिपीत ‘बॅलिनॉप्टेरा’ हे प्रजातीचे पहिले नावच बारा अक्षरांचे आहे, त्यामुळे रूपांतर करताना निळा देवमासा, फिन व्हेल आणि मिंक व्हेल हे तिघेही एकाच तुटक नावाचे झाले. प्रोग्रॅमने तक्रार न करता आकडेमोड केली आणि झाडावर एकाच नावाच्या तीन फांद्या उमटल्या. त्यावरून मग उलगडा झाला.

उपाय: प्रत्येक अनुक्रमाला सुरुवातीला तीन अक्षरे आणि दोन अंक असा छोटा संकेत दिला आणि खरी नावे शेवटच्या चित्रातच परत घातली. नावात मोकळी जागा, कंस आणि स्वल्पविराम अजिबात नकोत, कारण झाड लिहिण्याच्या पद्धतीत कंस आणि स्वल्पविराम यांनाच फांद्यांचा अर्थ आहे.

१४ जून

मॅफ्ट हा जुळवणीचा प्रोग्रॅम वापरून अनुक्रम एकाखाली एक जुळवले. सायटोक्रोम-बी प्रथिन तयार करणारे जनुक असल्याने या प्राण्यांत जुळवणी सोपी जायला हवी आणि मधे रिकाम्या जागा सहसा पडायला नकोत. तरीही दोन ठिकाणी गडबड दिसली.

एक अनुक्रम इतरांशी कुठेच जुळेना. तो उलट बाजूच्या धाग्यावरून वाचलेला होता. मॅफ्टमध्ये दिशा तपासून उलटवण्याचा पर्याय आहे; तो दिल्यावर प्रश्न मिटला. दुसऱ्या अनुक्रमात एका अक्षराची रिकामी जागा मधोमध उघडली होती. एक अक्षर कमी म्हणजे तिथून पुढची सगळी तीन-तीन अक्षरांची वाचनचौकट सरकणार, आणि जिवंत प्राण्यात चालू असलेल्या जनुकाला ते परवडत नाही. हा वाचनातला दोष असण्याची शक्यता मोठी. त्या प्रजातीचा दुसरा अनुक्रम उपलब्ध होता, म्हणून सदोष अनुक्रम वगळला. स्वतः अंदाजाने अक्षर घालून तो ‘दुरुस्त’ केला नाही. अशी दुरुस्ती पुढच्या माणसाला दिसत नाही, आणि तिथेच तिचा धोका आहे.

१५ जून

मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात पेशीकेंद्रातल्या गुणसूत्रांत जाऊन बसतात आणि तिथे निकामी प्रत म्हणून राहतात. प्रयोगशाळेत चुकून अशी प्रत वाचली गेली की झाडावर तो प्राणी भलत्याच ठिकाणी जातो. ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे अनुक्रमाचे प्रथिनात भाषांतर करून मधेच ‘थांबा’ असा संकेत येतो का ते पाहणे.

कसोटी लावली तर सगळेच अनुक्रम निकामी निघाले, तुलनेसाठी घेतलेल्या गायीचासुद्धा. कारण असे की प्रोग्रॅमने सर्वसाधारण जनुकीय संकेतावली, म्हणजे तीन अक्षरांच्या कोणत्या त्रिकुटाचा काय अर्थ याची यादी, गृहीत धरली होती. पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए या त्रिकुटाचा अर्थ ‘थांबा’ असा नसून तिथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बसते. संकेतावली क्रमांक २ निवडल्यावर सर्व अनुक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्यवस्थित वाचता आले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ही एक खूण तपासल्याशिवाय कुठलाही अनुक्रम फेकून देऊ नये.

१९ जून

पहिले झाड तयार झाले. दोन-दोन प्राण्यांमधल्या फरकांची टक्केवारी काढून जवळच्यांना जोडत जाणारी नेबर-जॉइनिंग पद्धत वापरली आणि झाडाचे मूळ ठरवण्यासाठी बाह्यगट, म्हणजे देवमाशांच्या बाहेरचा प्राणी, म्हणून गाय ठेवली. झाड काही क्षणांत आले आणि देखणे होते. इनिया आणि पाँटोपोरिया एकत्र होते, पॉरपॉइज आणि बेलुगा एकमेकांजवळ होते. पण स्पर्म व्हेल दातवाल्या देवमाशांना सोडून बलीन देवमाशांच्या बाजूला जाऊन बसला होता.

कोकण किनाऱ्यावर स्पर्म व्हेलचे नाव अंबरग्रीसच्या तस्करीच्या बातम्यांमुळे सर्वांना माहीत आहे, म्हणून मुलांनी लगेच विचारले की दात असलेला हा प्राणी बिनदातांच्या घरात कसा. हा प्रश्न नवा नाही. १९९३ मध्ये मिलिंकोविच, ऑर्टी आणि मायर यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या आरआरएनए जनुकांवरून नेमकी हीच मांडणी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली होती: स्पर्म व्हेल इतर दातवाल्यांपेक्षा बलीन देवमाशांच्या जवळचा. त्यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. आमच्या झाडातले चिन्ह त्याच वादाचे असावे असे वाटल्याने इथून पुढचा बराच वेळ या एका फांदीवर खर्च केला.

२३ जून

आधी बाह्यगट तपासला. गाय आणि देवमासे यांच्यात फार मोठे अंतर आहे. झाडाला मूळ कुठे लावायचे हे ज्याच्यावरून ठरते, तोच प्राणी जर लांबलचक फांदीच्या टोकाला असेल, तर योगायोगाने सारखी झालेली अक्षरे त्याला दुसऱ्या लांब फांदीकडे ओढतात. पाणघोडा हा देवमाशांचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. १९९४ पासून डीएनएचे पुरावे त्या दिशेने येत गेले आणि १९९९ मध्ये निकाइदो, ओकादा आणि सहकाऱ्यांनी जनुकसंचात घुसून बसलेल्या तुकड्यांवरून ते भक्कम केले. म्हणून पाणघोडा, खुजा पाणघोडा, गाय, मेंढी, डुक्कर आणि उंट असा बाह्यगट केला. पाणघोड्यांमुळे ती लांब फांदी मधेच तुटली.

स्पर्म व्हेल हलला, पण स्थिर झाला नाही. बाह्यगटातून उंट काढला की एक झाड, डुक्कर काढले की दुसरे. एखादी फांदी बाहेरच्या प्राण्यांच्या निवडीवर अशी झुलत असेल तर मूळ माहितीत तिला पुरेसा आधार नाही, एवढे त्यावरून कळले.

२७ जून

आता त्रिकुटातल्या तिसऱ्या अक्षराकडे वळलो. तिसरे अक्षर बदलले तरी अमिनो आम्ल बहुधा तेच राहते, त्यामुळे तिथे बदल भराभर साचतात. दोन-दोन प्राण्यांच्या जोड्या घेऊन आडव्या अक्षावर एकूण अंतर आणि उभ्या अक्षावर फक्त तिसऱ्या जागचे ए-जी आणि सी-टी हे बदल मांडले. जवळच्या प्राण्यांत ठिपके सरळ वर चढत गेले, पण डॉल्फिन आणि गाय यांच्यासारख्या दूरच्या जोड्यांत ते सपाट झाले. याचा अर्थ तिथे एकाच जागी पुन्हा पुन्हा बदल होऊन जुनी खूण पुसली गेली आहे. पहिल्या झाडात आम्ही टक्केवारीचे फरक जसेच्या तसे मोजले होते, म्हणजे दूरची नाती आहेत त्यापेक्षा जवळची धरली होती.

तीन उपाय करून पाहिले. तिसरे अक्षर सरसकट काढून टाकले, तर जवळच्या डॉल्फिनमधले नाते सांगणारी माहितीच गेली आणि समुद्री डॉल्फिनचा गट एका गाठीत अडकला. पहिली, दुसरी आणि तिसरी जागा वेगळी करून प्रत्येकीला बदलांचा स्वतंत्र नमुना दिला, तर झाड सुधारले. तिसऱ्या जागी ए आणि जी यांना एक खूण, सी आणि टी यांना दुसरी खूण देऊन फक्त मंद गतीचे बदल मोजले, तर स्पर्म व्हेल दातवाल्यांकडे सरकला, पण आधार कमीच राहिला. दुसरा उपाय मुख्य ठेवला आणि तिसरा पडताळ्यासाठी.

२ जुलै

अंतरावर आधारलेली पद्धत सोडून आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमने कमाल-संभाव्यतेची झाडे, म्हणजे हाती असलेले अनुक्रम ज्या झाडावरून येण्याची शक्यता सर्वांत जास्त अशी झाडे, काढायला घेतली. सर्व झाडे तपासणे कुणालाच शक्य नाही: दहा प्राण्यांची मूळ न लावलेली वेगवेगळी झाडे २०,२७,०२५ होतात आणि प्राणी वीस केले की ती संख्या एकवीस आकडी होते. प्रोग्रॅम एका झाडापासून सुरुवात करून फांद्या इकडेतिकडे हलवत चांगल्या झाडाकडे चढत जातो आणि अधूनमधून जवळच्याच टेकडीवर थांबतो. म्हणून वेगवेगळ्या सुरुवातींनी तो पुन्हा पुन्हा चालवला आणि संभाव्यतेचा आकडा सगळीकडे तोच येतो का ते पाहिले.

रात्री वीज गेली आणि अर्धे काम थांबले. आयक्यू-ट्री मधल्या टप्प्यांची नोंद फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे तोच आदेश पुन्हा दिल्यावर ते जिथे थांबले होते तिथून सुरू झाले. ती संकुचित फाइल ‘फालतू’ म्हणून पुसू नये. पैशाचा खर्च या संपूर्ण प्रकल्पात झाला तो संगणकाच्या यूपीएसची बॅटरी बदलण्यावरच.

५ जुलै

फांद्यांवरचे आकडे. फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५ मध्ये वंशवृक्षांसाठी मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत अशी की जुळवणीतले स्तंभ चिठ्ठ्या काढाव्यात तसे पुन्हा पुन्हा निवडून नवी झाडे काढायची आणि एखादी फांदी शेकडा किती झाडांत परत येते ते मोजायचे. नेहमीच्या बूटस्ट्रॅपमध्ये ७० च्या वरची फांदी बरी मानण्याचा प्रघात आहे. आयक्यू-ट्रीतल्या जलद बूटस्ट्रॅपमध्ये मात्र तीच उंबरठ्याची रेषा ९५ आहे. दोन्ही आकडे एकाच चित्रात मिसळले गेले होते आणि ८० ची फांदी मुले ‘पक्की’ म्हणत होती. आता प्रत्येक चित्राखाली कोणता बूटस्ट्रॅप हे लिहायचे असे ठरले.

सायटोक्रोम-बीच्या झाडात काय उरले? इनिया आणि पाँटोपोरिया एकत्र, हे भक्कम. पॉरपॉइज, बेलुगा आणि नारव्हाल यांची जवळीक चांगली. प्लॅटॅनिस्टा इनियाच्या जवळपासही नाही. पण तो नेमका कुठे, हे सांगणारी प्रत्येक फांदी उंबरठ्याच्या खाली. ११४० अक्षरांकडून एवढ्या जुन्या घटनेबद्दल याहून जास्त मिळणार नाही.

मुलांच्या आवडत्या हंपबॅक डॉल्फिनकडेही पाहिले. तो समुद्री डॉल्फिनच्या मोठ्या गटात आहे, आणि त्या गटातल्या फांद्या इतक्या आखूड आहेत की बॉटलनोज डॉल्फिनच्या दोन प्रजातीसुद्धा एकत्र आल्या नाहीत. १९९९ मध्ये लेड्युक, पेरिन आणि डिझॉन यांना याच जनुकावरून असाच गुंता दिसला होता. हा गट थोड्या काळात झपाट्याने फुटला, तेव्हा जनुकाच्या प्रती वाटल्या जाण्याचा क्रम आणि प्रजाती वेगळ्या होण्याचा क्रम जुळेलच असे नाही. तो गुंता या प्रकल्पात सुटणार नाही, म्हणून तिथे वेळ घालवला नाही.

१२ जुलै

पूर्ण मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच घेतले. एकेक साधारण १६,४०० अक्षरांचा असून त्यात प्रथिनांची तेरा जनुके असतात. ती वेगळी करून जोडण्याचे काम वाटले त्यापेक्षा फार किचकट निघाले.

एनडी६ हे एकटे जनुक दुसऱ्या धाग्यावर आहे, त्यामुळे त्यातल्या अक्षरांचे प्रमाण इतरांपेक्षा वेगळे पडते. रूढ पद्धतीप्रमाणे ते वगळून बारा जनुके ठेवली. एटीपी८ आणि एटीपी६ ही जनुके काही अक्षरे एकमेकांवर चढलेली आहेत, तसेच एनडी४एल आणि एनडी४. नोंदीतल्या सीमा जशाच्या तशा घेतल्यास ती अक्षरे दोनदा मोजली जातात. शिवाय काही जनुकांच्या शेवटी ‘थांबा’ हा संकेत अर्धाच असतो, फक्त टी किंवा टीए, आणि उरलेली अक्षरे आरएनएला शेवटी ए-ची शेपटी जोडली जाताना पूर्ण होतात. अशा जनुकाची लांबी तीनने भागली जात नाही. यांपैकी एका ठिकाणी जरी हे राहून गेले तरी त्यापुढच्या सर्व जनुकांत पहिली, दुसरी आणि तिसरी जागा सरकतात, आणि जागानिहाय विभागणी निरर्थक होते. आमच्या पहिल्या जोडफाइलमध्ये असेच झाले होते. विभागणीचा अहवाल पाहताना तिसऱ्या जागेचा वेग पहिल्या जागेइतकाच आला, तेव्हा शंका आली. मग प्रत्येक जनुक आधी वेगळे जुळवायचे, थांब्याचा संकेत कापायचा, भाषांतर करून तपासायचे आणि नंतरच जोडायचे, असा क्रम लावला.

२० जुलै

बारा जनुकांचे झाड. स्पर्म व्हेल आणि कोगिया दातवाल्यांच्या बुडाशी स्थिरावले आणि बाह्यगटातला एखादा प्राणी काढला तरी हलले नाहीत. इनिया आणि पाँटोपोरिया ही जोडी कायम, लिपोटीस त्यांच्या शेजारी, आणि हे तिघेही समुद्री डॉल्फिन व पॉरपॉइज यांच्या मोठ्या कुळाचे जवळचे नातेवाईक. प्लॅटॅनिस्टा या सर्वांच्या बाहेर, स्पर्म व्हेलनंतर लवकर फुटलेल्या जुन्या शाखेवर. म्हणजे लांब चोच आणि नदीतले राहणे या गोष्टी वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आल्या. गढूळ पाण्यात ज्याच्या डोळ्याला भिंगही उरलेले नाही, तो आपला प्लॅटॅनिस्टा एका फार जुन्या घराण्याचा उरलेला वारस आहे, हे झाडावर पाहताना मला खरोखर भरून आले. त्याच्या घराण्याचे जवळचे सोबती आज फक्त जीवाश्मांत सापडतात, आणि तो नदीतून गेला तर ती पूर्ण शाखाच जाईल.

एक फांदी मात्र अजून डळमळते: प्लॅटॅनिस्टा आधी वेगळा झाला की चोचवाले देवमासे आधी? विभागणी बदलली की हा क्रम बदलतो. दोन घटनांमधले अंतर थोडे असावे, कारण ती फांदी कुठल्याही नमुन्यात अतिशय आखूड येते.

२४ जुलै

मायटोकॉन्ड्रियातली सगळी जनुके आईकडून एकाच गठ्ठ्याने मिळतात आणि त्यांच्यात सहसा अदलाबदल होत नाही. म्हणून बारा जनुके म्हणजे बारा साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराची ती लांबलेली साक्ष आहे. स्वतंत्र पडताळा पेशीकेंद्रातल्या डीएनएकडूनच हवा.

इथे स्वतः नवे विश्लेषण न करता निकाइदो आणि सहकाऱ्यांचा २००१ चा पुरावा हाताने वाचला. जनुकसंचात स्वतःची प्रत करून नव्या जागी घुसणारे छोटे तुकडे असतात. दोन प्राण्यांत नेमक्या त्याच जागी, त्याच दिशेने, तोच तुकडा स्वतंत्रपणे घुसण्याची शक्यता फार कमी, आणि एकदा घुसला की तो नीट पुसला जात नाही. असे तुकडे दातवाल्या सर्व देवमाशांत, स्पर्म व्हेलसह, सामाईक सापडले आणि बलीन देवमाशांत त्या जागा रिकाम्या होत्या. नदीतले डॉल्फिन मात्र एका गटात आले नाहीत. मुलांनी असलेल्या-नसलेल्या तुकड्यांचा तक्ता फळ्यावर काढला आणि संगणकाशिवाय त्यावरून झाड रचले. स्पर्म व्हेलची जागा आमच्या बारा जनुकांच्या झाडाशी जुळली.

३० जुलै

कालमापन करायचे का, यावर चर्चा झाली. त्यासाठी जीवाश्मांवरून काही फाट्यांना वयाची बंधने घालावी लागतात. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा इंडोहायस, ज्याचे २००७ मध्ये थेविसन, बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी देवमाशांच्या निकटच्या नातेवाइकांत वर्णन केले, तो मुलांना फार आवडला; पण एका जीवाश्मावरून संपूर्ण झाडाचे घड्याळ लावले तर त्या एका बंधनाची अनिश्चितता सगळ्या वयांत उतरते. पुरेशी बंधने गोळा होईपर्यंत वये काढायची नाहीत, असे ठरले.

२ ऑगस्ट

अंतिम चित्र. ९५ च्या खालच्या फांद्या मिटवून टाकल्या. त्यामुळे प्लॅटॅनिस्टा, चोचवाले देवमासे आणि उरलेले सर्व डॉल्फिन-पॉरपॉइज असा एकाच ठिकाणाहून निघणारा तीन फाट्यांचा सांधा दिसतो. एका विद्यार्थ्याला ते अपुरे वाटले आणि जास्त संभाव्यतेचा क्रम दाखवावा असे त्याने सुचवले. तो क्रम दुसऱ्या चित्रात, आधाराचा आकडा लिहून ठेवला आहे. भिंतीवर लावायच्या चित्रात तिफाटाच राहील.

हे काम पुन्हा करणाऱ्यांसाठी फोल्डरमध्ये नोंदक्रमांकांचा तक्ता, वगळलेल्या अनुक्रमांची कारणांसह यादी, जनुकनिहाय तपासलेल्या जुळवण्या, विभागणीची फाइल, प्रत्येक आदेश सुरुवातीच्या यादृच्छिक अंकासह आणि मूळ झाडे ठेवली आहेत. सुरुवात जुळवण्यांच्या फोल्डरपासून करावी, आणि पहिल्या दिवशी संकेतावली क्रमांक २ निवडलेली आहे ना, हे पाहून घ्यावे.